साताऱ्यातील कारखान्यात दुरुस्त झालेले फ्रेंच घाटाचे खणांचे कपाट

जुने लाकडी सामान दुरुस्त करून विकणाऱ्या साताऱ्यातील एका छोट्या कारखान्यातून आम्ही तीन खणांचे एक बुटके कपाट घेतले, त्याला आता एक पावसाळा उलटून गेला आहे. अशा वस्तूविषयी त्याआधी लिहिण्यात फारसा अर्थ नसतो, कारण वैशाखात लोण्यासारखा सरकणारा खण आषाढात हलेलच याची खात्री विकणाराही देऊ शकत नाही.

दुकानातील चिठ्ठीवर ‘लुई सोळावा’ एवढेच लिहिले होते. सोळावा लुई १७७४ मध्ये फ्रान्सच्या गादीवर आला, परंतु त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा घाट त्याआधीच रुजू लागला होता. इटलीत १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई येथे उत्खनन सुरू झाले, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली रोमन घरे उजेडात आली आणि फुगीर पोटाच्या, नागमोडी पायांच्या रोकोको सामानाला कंटाळलेल्या फ्रेंच कारागिरांना सरळ रेषेचे नवे आकर्षण वाटू लागले. रीझनेर या राजदरबारी कारागिराने घडवलेले सामान आज मोठ्या संग्रहालयांत आहे. आमच्या कपाटात त्या घाटाच्या ठळक खुणा सगळ्या आहेत. बाजू सरळ आहेत, खाली निमुळत्या होत गेलेल्या पायांवर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत, कोपऱ्यांवर चौकटीत बसवलेले फूल आहे, खणांना पानांच्या माळेच्या नक्षीच्या पितळी कड्या आहेत आणि वर राखाडी शिरांचा पांढरा संगमरवर आहे.

मात्र घाट अठराव्या शतकातला असला, तरी वस्तू त्या शतकातली नाही, आणि हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. खण बाहेर काढून उलटा केला की तळाला प्लायवूड दिसते. खणाच्या कोपऱ्यांवरील डव्हटेल सांधे (कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले) एकसारख्या मापाचे, म्हणजे यंत्रावर कापलेले आहेत. हाताने कापलेल्या सांध्यांत दात थोडे लहानमोठे होतातच. महोगनीचे विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा, हेही कागदासारखे पातळ आहे, तर जुन्या काळी करवतीने कापलेले विनियर चांगले जाड असे. एकूण हे विसाव्या शतकातले, जुन्या घाटावर बेतलेले काम आहे. विचारल्यावर मालकांनी ते लगेच मान्य केले आणि पाचगणीच्या एका बंगल्यातून ते आल्याचे सांगितले. मग चिठ्ठीवर तसे लिहायला काय हरकत होती, हा प्रश्न उरतोच. आम्ही ८५,००० रुपये दिले. त्या काळातल्या अस्सल वस्तूला ही किंमत हास्यास्पद ठरेल, आणि आजच्या मशीनच्या कपाटाच्या मानाने ती जास्त वाटेल. पण येथे पैसा वयाला नव्हे, दुरुस्तीला दिलेला आहे आणि दुरुस्ती बहुतांशी उत्तम आहे.

उत्तम का, ते सांगायला हवे. सुटलेले विनियर त्यांनी सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या डिंकाने, बसवले आहे. सरस ऊब आणि ओलावा मिळाला की सैल पडतो, हा दोष मानला जातो, परंतु पुढच्या कारागिराला लाकूड न फाडता तोच सांधा पुन्हा उघडता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. दर्शनी भागाला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने पातळ हात देत देत केलेले खरे फ्रेंच पॉलिश आहे. नाव फ्रेंच असले तरी त्यातली लाख आपल्याकडच्या जंगलांतली, हे त्या कारखान्यातल्या वयस्कर मिस्त्रींनी अभिमानाने ऐकवले. आतली बाजू आणि पाठीमागची फळी त्यांनी जाणूनबुजून तशीच ठेवली आहे. जुना शाईचा डाग आणि भुंग्यांची बुजवलेली भोके दिसतात. सगळे घासून नवेकोरे करण्याचा मोह टाळणारा कारागीर विरळाच.

पावसाळ्यात मधला खण अडला. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगते, त्यामुळे खणाच्या बाजू उंच होऊन वरच्या पट्टीला घासू लागल्या. फोन केल्यावर मिस्त्री स्वतः आले. आम्हाला वाटले होते की ते रंधा मारतील, पण त्यांनी घासणाऱ्या कडांवर आणि खालच्या पट्ट्यांवर मेण चोळले व म्हणाले, “ताई, आत्ता तासलं तर फाल्गुनात हा खण खुळखुळेल.” खण आता चालतो, थोडा जोर लावावा लागतो, इतकेच. या भेटीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तक्रार आहे ती उजव्या बाजूविषयी. तेथील विनियर पूर्ण बदलावे लागले, हे समजण्यासारखे आहे. पण त्यावर लाखेऐवजी पीयू (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या रसायनाचे) पॉलिश मारले आहे. समोरून फरक कळत नाही, परंतु सकाळचे तिरपे ऊन पडले की एक बाजू मऊसर आणि दुसरी काचेसारखी चमकते. शोभेपेक्षाही गंभीर गोष्ट ही की लाखेचे पॉलिश स्पिरिटने ओले करून जागच्या जागी दुरुस्त करता येते, पीयूचा थर मात्र खरवडून किंवा जहाल द्रावणाने काढावा लागतो आणि इतक्या पातळ विनियरवर ते काम धोक्याचे आहे. घाईत वेळ वाचवण्यासाठी हे केले असावे. पितळी कड्याही गरजेपेक्षा जास्त उजळल्या आहेत. थोडी काळसर झाक नक्षीच्या खाचांत राहू दिली असती, तर पानांची माळ अधिक उठून दिसली असती.

ज्यांना गुंतवणूक म्हणून प्राचीन वस्तू हवी आहे, त्यांनी येथे जाऊ नये. ज्यांना भक्कम, देखणे आणि पुढेही दुरुस्त करता येण्याजोगे कपाट हवे आहे, त्यांनी जरूर जावे, मात्र प्रत्येक बाजूला कोणते पॉलिश आहे ते विचारून पावतीवर लिहून घ्यावे. आमची उजवी बाजू दिवाळीनंतर लाखेत करून देण्याचे कारखान्याने कबूल केले आहे, पण मजुरी मागितली आहे, आणि ती आम्ही देणार नाही.