श्वासाचा आलेख : थर्मिस्टर लावावा की दाब मोजावा?

आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर कमी खर्चात श्वाससंवेदक तयार करताना मुख्य निवड एकच असते : नाकाखाली थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा घटक, ठेवावा, की नळीतून दाब मोजावा. प्राणायामाचा आलेख पडद्यावर पाहण्यासाठी मी दोन्ही रचना वापरल्या आहेत, आणि दोन्ही चालतात.

थर्मिस्टरची जोडणी फार सोपी आहे. १० किलोओहमचा मण्याएवढा थर्मिस्टर आणि तेवढ्याच ओहमचा एक रोध (रेझिस्टर) एवढ्यावर काम भागते. कोल्हापूरच्या डिसेंबरातील पहाटे नाकातून येणारी ३४ अंशांच्या आसपासची हवा मण्याला लागताच आलेख असा उसळतो, की दुसरे काही शोधण्याची गरज वाटू नये. जाड आवरणाचा मणी कपालभातीसारख्या जलद क्रियेत मागे पडतो, पण ते एक वेळ चालवून घेता येते.

अडचण एप्रिलमध्ये सुरू होते. माझी खोली पत्र्याखाली आहे. दुपारी तेथील हवा उच्छ्वासाइतकीच तापली, की आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील फरक मण्याला कळेनासा होतो आणि रेषा आडवी पडते. ऊन आणखी चढले, तर लाट चक्क उलटते आणि प्रोग्राम पूरकाला (श्वास घेण्याला) रेचक (श्वास सोडणे) समजू लागतो. पंखा लावावा, तर त्याचा झोत मण्यावर येतो. ऋतू पाहून, किंबहुना प्रहर पाहून, प्रोग्राममधील मर्यादा बदलत बसण्याचा मला मनस्वी कंटाळा आला.

दाबाच्या रचनेत औषधाच्या दुकानातील ऑक्सिजनची नाकनळी एमपीएस२०एन००४०डी या संवेदकाला जोडली जाते, आणि त्याचा क्षीण संकेत मुळात वजनकाट्यांसाठी बनवलेली एचएक्स७११ ही चिप वाचते. संवेदकाची व्याप्ती ४० किलोपास्कल आहे, तर शांत श्वासाचा दाब शंभर पास्कलच्या आतच भरतो; तरीही चिपच्या २४ बिटांच्या, म्हणजे अतिशय बारीक पायऱ्यांच्या, वाचनात तो स्पष्ट दिसतो. सेकंदाला १० नोंदी श्वासासाठी पुरतात. शून्याची रेषा हळूहळू सरकते हे खरे, पण मागील काही वेळची सरासरी वजा केली की तो प्रश्न बहुतांशी मिटतो.

हिवाळ्यातील शालेय प्रदर्शनापुरते काम असेल, तर थर्मिस्टर घेण्यास माझी हरकत नाही. वर्षभर वापरायचे असेल, तर मात्र जोडणीची थोडी अधिक खटपट सोसून दाबाकडेच वळावे, असे मला वाटते. पावसाळ्यात नळीत उच्छ्वासाचे पाणी साचते. म्हणून संवेदक नाकापेक्षा उंचावर बसवावा आणि नळीला त्याच्याकडून खाली उतार द्यावा.