कांकाल की पेनेस्तँ? ब्रिटनीतली शिंपल्यांची दोन गावं

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवस काढायचे, शिंपल्यांची शेती बघायची, शिंपले पोटभर खायचे आणि जमलं तर समुद्रातही उतरायचं असा बेत असेल, तर माझ्या मते निवड दोन गावांतच आहे: उत्तरेला माँ-सँ-मिशेलच्या उपसागरावरचं कांकाल आणि दक्षिणेला विलेन नदीच्या मुखाशी असलेलं पेनेस्तँ. एकाच सहलीत दोन्ही कोंबू नका, मधला बराचसा वेळ रस्त्यातच जाईल.

कांकाल कालवांचं गाव. बंदराच्या टोकाला, दीपगृहाजवळ कालवं विकणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. डझनभर घ्यायची, तिथेच फोडून घ्यायची, वर लिंबू पिळायचं आणि पायऱ्यांवर बसून खायची. रिकामे शिंपले खाली किनाऱ्यावर टाकून द्यायचे, तशी रीतच आहे. हवा स्वच्छ असेल तर समोर लांबवर माँ-सँ-मिशेल, म्हणजे खडकाळ बेटावरचा जुना मठ, दिसतं. आकाराला नंबर असतात आणि ते उलटे चालतात, म्हणजे नंबर जितका मोठा तितकं कालव लहान. पहिल्यांदा खाणाऱ्याने ३ किंवा ४ नंबर घ्यावा. चपटी कालवं महाग, पण चव वेगळीच, त्यामुळे दोन-चार तरी खाऊन बघा. मात्र हे सगळं कच्चं असतं. कोकणात मसाल्यात शिजवलेली कालवं आवडीने खाणारे इथे पहिल्या घासाला बिचकतात. गरोदर बायकांनी आणि प्रकृती नाजूक असलेल्यांनी तर कच्ची खाऊच नयेत.

पेनेस्तँ मसलचं गाव. मसल म्हणजे गोव्यात शिणाणे म्हणतात ते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लाकडी खांबांच्या रांगा रोवतात, पिल्लं धरलेले दोर त्या खांबांना गुंडाळतात आणि वर्ष-दीड वर्षाने पीक काढतात. या खांबांना ‘बुशो’ म्हणतात. ‘मूल द बुशो’, म्हणजे बुशोवरचे मसल, असं हॉटेलच्या फळ्यावर दिसलं की खुशाल मागवा. पांढरी वाईन, कांदा, लोणी आणि पार्सलीत शिजवलेलं भांडंभर मसल नि बाजूला बटाट्याचे तळलेले काप. वाईन चालत नसेल तर आधीच विचारून घ्या. ज्यांना कच्चं नको, त्यांच्यासाठी प्रश्न इथेच संपला. त्रेइगिए या जवळच्या वाडीत जुन्या दीपगृहात मसलशेतीचं छोटं संग्रहालय आहे, मुलं बरोबर असतील तर तिथे नक्की जा.

पुळणीच्या बाबतीत पेनेस्तँ सरळ पुढे आहे. ‘मीन दोर’, म्हणजे सोन्याची खाण, ही सुमारे दोन किलोमीटरची पुळण, आणि तिच्या पाठीशी पिवळ्या-तांबूस मातीचे उभे कडे. पुळण पश्चिमेला तोंड करून असल्याने संध्याकाळी ते कडे पेटल्यासारखे दिसतात. कडे ढासळते आहेत, अगदी पायथ्याशी चटया पसरू नका. कांकालच्या बंदरासमोर ओहोटीला चिखल आणि कालवांच्या जाळीदार पिशव्या ठेवलेले लोखंडी माच दिसतात, पोहायला तिथे कोणी जात नाही. त्यासाठी पोर-मेर किंवा व्हेर्जेच्या पुळणीवर जावं लागतं. उलट चालण्याची आवड असेल तर कांकालच घ्या. पॉइंत दु ग्रुआँच्या भूशिरापर्यंत जाणारी किनाऱ्याकडेची पायवाट इतकी देखणी आहे, की खाणं नसतं तरी मी तिच्यासाठी गेले असते.

भरतीचं वेळापत्रक दोन्हीकडे आधी बघा. कांकालकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो, पेनेस्तँला त्याच्या निम्म्याहूनही कमी. शेती दिसते ती ओहोटीलाच. भरतीच्या वेळी पोचलात तर समोर नुसतं पाणी.

आता हंगाम. बुशोचे नवे मसल जुलैच्या सुमारास येतात आणि हिवाळ्यापर्यंत मिळतात. श्रावण पाळणाऱ्यांची इथे पंचाईत. कालवं वर्षभर मिळतात, पण उन्हाळ्यात प्रजननामुळे ती दुधाळ होतात आणि ती चव सगळ्यांना रुचत नाही. म्हणून कांकालला सप्टेंबरनंतर जावं, पेनेस्तँला जुलै-ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये मात्र फ्रेंच माणूस सहकुटुंब किनाऱ्यावर असतो, खोली आधीच धरा.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर दोन्हीकडे कुट्टूच्या पिठाचं ‘गालेत’ मिळतं, आपल्या धिरड्याच्या जवळचं. अंडं-चीजचं मागा आणि ‘सां जांबों’ म्हणजे हॅम नको हे ठासून सांगा, नाहीतर ते हमखास येतं.

पोचण्याचं गणित सरळ आहे. पॅरिसहून सँ-मालोपर्यंत थेट वेगवान रेल्वे, सव्वादोन तासांच्या आसपास, पुढे कांकालला बस. लंडनकडची मराठी मंडळी पोर्ट्समथहून बोटीनेही सँ-मालोला उतरू शकतात, फक्त शेंगेन व्हिसाचं आधी बघा. पेनेस्तँला स्टेशन नाही. ला बोल किंवा व्हानला उतरून भाड्याची गाडी घ्यावी लागते, आणि पुळणी गावभर विखुरलेल्या असल्याने ती शेवटपर्यंत हाताशी लागते. गाडी चालवणारं कोणी नसेल तर कांकालचं तिकीट काढा.