ताडोबात तळ्याकाठी रात्रभर गाडी लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

आमच्या सासूबाईंचे गुडघे गेले आहेत, खाली बसता येत नाही. कुठे जायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न संडासचा असतो. कमोड नसेल तर त्या घरच्या लग्नालाही येत नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आमचं गाव. गिरड, चिमूर करत ताडोबाचं कोलारा गेट दीड-दोन तासांवर. शेतात रात्री जागलीला गेलेल्या माणसांची वाघाच्या धास्तीने वाट पाहण्यात त्यांच्या कितीतरी रात्री गेल्या, पण वाघ त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. तो एकदा दाखवायचा, एवढ्यासाठी हे सगळं सुरू झालं.

मे २०२५ मध्ये पुण्याहून दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं यायची होती. आम्ही चौघं, ते चौघं आणि सासूबाई मिळून नऊ माणसं. मिस्टरांनी सरकारी संकेतस्थळावर सफारी शोधली, आम्हाला हव्या त्या दिवशी सकाळ-दुपारच्या दोन्ही फेऱ्या भरलेल्या होत्या. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ हमखास येतो म्हणून एप्रिल-मे मध्ये गर्दी असते, हे काही नवीन नाही. त्याच रात्री फेसबुकवर एक जाहिरात दिसली. कॅराव्हॅन, म्हणजे आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि कमोड असलेली मोठी गाडी. तळ्याच्या काठावर उभी, समोर खुर्च्या, शेकोटी. खाली लिहिलेलं, ‘ताडोबाच्या जंगलात कुटुंबासोबत मुक्काम, सफारी परवान्यासह’.

मी कमोडचा फोटो मोठा करून पाहिला आणि तिथेच माझं मन त्या गाडीत अडकलं.

व्हॉट्सॲपवर विचारलं तर पाच मिनिटांत फोन आला. माणूस मराठी बोलायचा, मध्ये मध्ये हिंदी. मला ‘मॅडम’, मिस्टरांना ‘सर’. पाच जण गाडीत झोपतील, बाकीच्यांना दोन तंबू देतो म्हणाला. तीन दिवसांचे ४२,००० रुपये, त्यातले अर्धे आधी. सफारीचं विचारलं तर म्हणाला, संकेतस्थळावर फुल्ल दिसतं ते सामान्य लोकांसाठी, आमच्याकडे व्हीआयपी कोटा आहे. मग त्याने एका बातमीचं कात्रण पाठवलं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याची बातमी. ती बातमी खरी आहे, धोरणही खरं आहे. पुढे म्हणाला, १२ मे ला बुद्धपौर्णिमा आहे, त्या रात्री वनविभाग लोकांना जंगलात बसू देतो, तुमची गाडी मी कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, तळ्याजवळ लावून देतो. आता विदर्भात कोणालाही विचारा, बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी शिकवते त्या शाळेतले एक सर जाऊन आलेले आहेत. त्यामुळे मला शंका आली नाही. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्याने आपली खोटी गोष्ट बसवली होती.

सासूबाईंना मात्र शंका आली होती. मी त्यांना मोबाइलवर तो तळ्याचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “हे झाडं आपल्याकडचे नाही वं माय. अन् मे मयन्यात सागाले पानं कुठून येतीन?” मी पुन्हा पाहिलं. तळ्यामागे उंच, हिरवीगार, वर निमुळती होत गेलेली झाडं होती. ताडोबात साग, बांबू, ऐन, मोह, तेंदू. मे मध्ये बरंचसं जंगल उघडंबोडकं असतं, म्हणूनच तर वाघ लांबून दिसतो. मी म्हटलं, “आई, जाहिरातीत फोटो कुठलेही टाकतात.” त्या गप्प बसल्या. ज्या बाईचा जन्म जंगलाच्या कडेला गेला तिचं मी ऐकलं नाही, याचा सल मला गेलेल्या ६५,१०० रुपयांपेक्षा मोठा आहे.

पैसे कसे गेले ते नीट सांगते, कारण पुढच्याचे असेच जातील. आधी परवाना धरून ठेवायला २,००० रुपये. दोन दिवसांनी दोन जिप्सींचे, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्यांचे, १७,६००. मग गाडीचे निम्मे, २१,०००. मग ‘कोअरमधला रात्रीचा मुक्काम परवाना’, ४,५००. दर वेळी पावती यायची, वर वाघाचं चित्र, खाली शिक्का. मुळात आम्ही एकदम ४५,००० दिलेच नसते. थोडे थोडे मागत गेला आणि आधीचे बुडू नयेत म्हणून आम्ही पुढचे देत गेलो.

पैसे पाठवताना पडद्यावर ज्याच्या खात्यात जातात त्याचं बँकेतलं नाव येतं. तिथे एका बाईचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणाला, आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. पुढच्या वेळी तिसरंच नाव आलं, म्हणाला, जीएसटीमुळे दुसरं खातं. सरकारी परवान्याचे पैसे कोणा बाईच्या खात्यात कसे जातील, हा प्रश्न माझ्या तोंडातून निघायला हवा होता.

नऊ जणांच्या आधारकार्डांचे फोटोही त्याने मागितले. ते खटकलं नाही, कारण खऱ्या परवान्यावरही प्रत्येक पर्यटकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतोच, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं.

रविवारी ११ तारखेला रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. गाडी नागपूरहून निघते आहे, २०,००० रुपये अनामत आत्ता भरा, परतीच्या दिवशी मिळेल. घरात तेवढे पैसे होते ते खरिपाच्या बियाण्या-खताचे. मिस्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत परत येतात, तोवर कोण बियाणं आणतं. पाठवले. सासूबाईंची पिशवी तेव्हा भरून झाली होती. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, सोलापुरी चादर. जाऊबाई तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होत्या.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही जाम गावच्या चौरस्त्यावर. सामान खाली उतरवून सासूबाईंना घरून आणलेल्या खुर्चीवर बसवलं. सात वाजले, आठ वाजले. फोन बंद. नऊला फोन आला, बुटीबोरीला टायर फुटला, नवीन टायरला ८,००० पाठवा, बिलात वळते करू. तेव्हा दीर म्हणाले, “वहिनी, आता एक रुपया नाही. निदान सफारी तरी हातची जाऊ देऊ नका, आपण आपल्या बोलेरोने कोलाऱ्याला जाऊ.” नऊ माणसं दाटीवाटीने बसलो. ऊन असं की खिडकीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसत होता.

गेटवरच्या मुलाने आमचे दोन्ही परवाने उलटसुलट पाहिले. एक सोमवार दुपारचा, एक मंगळवार सकाळचा. तो हळूच म्हणाला, “ताई, हे आमच्याकडचे नाहीत जी. उद्या मंगळवार आहे, मंगळवारी कोअर बंद राह्यते.” दोन तासांवर राहणारी मी, शाळेच्या सहलींची चौकशी करणारी, मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण दहा दिवस तो कागद मोबाइलमध्ये असून मी वार मोजला नव्हता.

त्या मुलाने आणखी सांगितलं ते लक्षात ठेवा. खासगी गाडी, मग ती बोलेरो असो की कॅराव्हॅन, सफारीसाठी कोअरमध्ये सोडतच नाहीत. नोंदणी असलेल्या जिप्सीतूनच जायचं, एका जिप्सीत सहा पर्यटक आणि सोबत गाइड. मोबाइलसुद्धा आत नेता येत नाही. पर्यटकाने तळ्याकाठी शेकोटी पेटवून गाडीत झोपणं हा प्रकारच तिथे नाही. कॅराव्हॅन घेऊन कोणी आलंच तर ती जंगलाबाहेर, एखाद्या रिसॉर्टच्या आवारात उभी राहील. ‘रात्रीचा मुक्काम परवाना’ म्हणून ४,५०० रुपये आम्ही ज्याचे दिले, ती गोष्ट अस्तित्वातच नाही.

एवढ्यावर तो जाहिरातवाला थांबला नाही. मिस्टरांनी फोनवर आवाज चढवला तसा तो उलट नम्र झाला. “सर, आमची तांत्रिक चूक, पूर्ण रिफंड देतो, कोड पाठवला तो स्कॅन करा.” गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून मी तो चौकोनी कोड स्कॅन केला. पडद्यावर ६५,१०० आकडा आला आणि खाली पिनची चौकट. मी दोन अंक दाबलेसुद्धा. दहावीतली माझी लेक मागून म्हणाली, “मम्मी, पैसे घ्यायले पिन कायले लागते?” माझा अंगठा तिथेच थांबला. पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. उरलेले दोन अंक दाबले असते तर आणखी ६५,१०० गेले असते, आणि त्या खात्यात माझा पगार होता.

तिथूनच १९३० वर फोन लावला. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारला, म्हणून हे क्रमांक आधी कागदावर उतरवून ठेवा, बोलताना शोधत बसू नका. मग सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरली आणि पोलीस ठाण्यात गेलो. मिस्टर आधी तयार नव्हते. गावात बोभाटा होईल, मास्तरीणबाई फसल्या म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, म्हणू द्या. आदल्या रात्रीच्या २०,००० पैकी ११,३०० समोरच्या बँकेत अडकवून ठेवता आले. आधीचे ४५,१०० आठवडा-दोन आठवड्यांपूर्वी गेलेले, ते खात्याखात्यांतून कुठच्या कुठे पोचले होते. अडकवलेली रक्कमही अजून आमच्या हातात आलेली नाही, पण निदान त्याच्या हातात नाही. फोन लवकर करण्याचा एवढा फरक पडतो. लाजेने दोन दिवस घालवू नका.

जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आम्ही कृषी केंद्रातून उधारीवर आणली.

आधारकार्डांची काळजी वेगळीच. दिरांनी सगळ्यांचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आधारच्या संकेतस्थळावरून लॉक करून दिलं, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर प्रत्येकाच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही पाहिलं. सुदैवाने जादा काही निघालं नाही. फक्त शेवटचे चार अंक दिसतील असं आधारकार्डही आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. नुसती ओळख पटवण्यापुरतं कोणी आधार मागितलं तर आधी तेच देऊन पाहा.

घरी आल्यावर मी त्या गाडीचा फोटो पुन्हा काढला. नंबरप्लेट पांढरी. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात, स्वतः चालवायला भाड्याने देतात तिची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तो नंबर गाडीची नोंदणी दाखवणाऱ्या सरकारी एमपरिवहन ॲपवर टाकला तर समोर स्कूटर आली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पहिला रुपया देण्याआधी करता आलं असतं.

कोअर जुलै ते सप्टेंबर बंद असतं आणि ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीसाठी लोक आधीपासूनच शोधाशोध सुरू करतात. बुकिंग वनविभागाच्याच संकेतस्थळावर करा, पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन आहे ना ते अक्षर अक्षर वाचा. तिथे जागा नसेल तर दुसरी तारीख घ्या. आतला कोटा आहे म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

परवा रात्री लेकीने मला मोबाइल दाखवला. त्याच गाडीची जाहिरात, पान नवीन, नंबर नवीन. आता ताडोबाच्या जागी पेंच लिहिलं आहे. आम्ही तक्रार केली आहे, पण हे लिहीपर्यंत ती दिसतेच आहे. तळं तेच, खुर्च्या त्याच, आणि मागे सासूबाईंनी ओळखलेली ती निमुळती हिरवी झाडं.