एस्त्रेमोझच्या बाजारात मातीची बाहुली घेणार असाल तर

पोर्तुगालला जाणारे आपले बहुतेक लोक लिस्बन, पोर्तो आणि समुद्रकिनारा करून परततात. आलेंतेझू प्रांतात आत शिरणारे थोडेच. जे शिरणार असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण एस्त्रेमोझमध्ये आम्हाला ज्या रीतीने गंडवलं ती रीत कुठल्याही बाजारात चालेल.

गाव बघण्यासारखंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एव्होरापासून साधारण ४५ किलोमीटर. आजूबाजूला संगमरवराच्या खाणी, त्यामुळे साध्या घराचा उंबरासुद्धा संगमरवरी. शनिवारी सकाळी रोसियू नावाच्या मोठ्या चौकात बाजार भरतो. मेंढीच्या दुधाचं चीज, सॉसेजच्या माळा, भाजीपाला, कोंबड्या आणि एका बाजूला जुना बाजार : पितळी कड्या, फुटकी घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. चीजवालीने आधी तुकडा चाखायला दिला, मग वजन केलं आणि हिशेब कागदावर लिहून दाखवला. फसवणूक झाली ती या उघड्या बाजारात नाही, चौकाजवळच्या एका पक्क्या दुकानात.

एस्त्रेमोझ मातीच्या रंगीत बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मातीचे गोळे, वळ्या आणि लाटलेल्या पट्ट्या जोडून बाहुली हाताने घडवतात, भाजतात, मग रंगवतात. सगळ्यात मागणी राणी इझाबेलला. राजा दिनिशची ही बायको १३३६ मध्ये याच गावात वारली, पुढे तिला संतपद मिळालं. गरिबांसाठी ओच्यात लपवून नेलेल्या पावांची फुलं झाली, अशी तिची कथा सांगतात. म्हणून बाहुलीच्या ओच्यात गुलाब असतात.

दुकानदाराने तीच राणी माझ्या हातात दिली. जड, पाकळी न् पाकळी वेगळी चिकटवलेली, एका गुलाबावर कारागिराच्या बोटाचा ठसा राहिलेला. किंमत ८५ युरो. मी हो म्हटल्यावर तो म्हणाला, "ही मांडणीतली, धूळ बसलीय. आतून नवी देतो, अगदी अशीच." आत गेला आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टीने घट्ट गुंडाळलेला पुडा घेऊन आला. कार्डाच्या मशीनवर युरो की रुपये असा प्रश्न आला तेव्हा रुपयांचं बटण त्यानेच दाबलं. पावतीवर नुसतं 'हस्तकला' असं मोघम लिहिलेलं.

मावशी तेव्हा बाहेर बाकावर चीज सांभाळत बसली होती. तिचं सासर पेणचं. गणपतीच्या कारखान्यात तिची अर्धी हयात गेली. वर किल्ल्याशेजारच्या म्युझियममध्ये खऱ्या बाहुल्या पाहून झाल्यावर ती म्हणाली, "आपली सोड बघू." बाहुली हातात घेतल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. "अगं, ही केवढी हलकी! हे प्लॅस्टर आहे." तळाला नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघाली. दोन्ही कुशींतून खालपर्यंत साच्याच्या जोडाची बारीक रेघ, वर रंग फासून लपवलेली. टिचकी मारली तर आवाज बद्द. भाजलेली माती खणखणीत वाजते. आणि गुलाब कसले, ओच्यात लाल ठिपक्यांचा एकच लगदा!

हाताने केलेल्या दोन बाहुल्या तंतोतंत सारख्या नसतातच, त्यामुळे 'आतून अगदी अशीच देतो' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. हातात आहे तीच घ्यायची, डोळ्यांसमोर बांधून घ्यायची, आणि पावतीवर वस्तू कशाची आणि कुणी केलेली ते लिहून मागायचं. प्रामाणिक दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. मशीनवर कायम युरो निवडायचे, बटण आपण दाबायचं. रुपये निवडले की दर मशीनवाल्यांचा लागतो. आम्हाला बँकेच्या दरापेक्षा पाचएकशे रुपये जास्त पडले.

परत गेलो तर दुकानदाराला अचानक इंग्रजी येईनासं झालं. मांडणीतली बाहुली जागेवरच होती. ती दाखवली तर म्हणे, तिची किंमत वेगळी. मग मी म्हटलं, "लिव्रू द रेक्लामासोंइश."

हे तीन शब्द पाठ करून जा, अर्थ 'तक्रारवही'. पोर्तुगालमध्ये प्रत्येक दुकानाला, हॉटेलाला तक्रारवही ठेवावीच लागते आणि गिऱ्हाइकाने मागितली की द्यावी लागते. नाही दिली तर पोलिसांना बोलावता येतं. तक्रारीची एक प्रत आपल्याला मिळते, मूळ प्रत सरकारी यंत्रणेकडे जाते. वहीचं नाव काढताच साहेबांचं इंग्रजी परत आलं. पोराने चुकून दुसरा पुडा बांधला म्हणे, पैसे परत देतो. मी वही ठेवून देणार होते, पण मावशी म्हणाली, "पैसे घे आणि लिहीही. उद्या दुसरं कुणी येईल." मग उभ्या-उभ्या इंग्रजीत पानभर लिहिलं, प्रत फाडून घेतली.

पैसे आले खात्यात, पण परतीचा दर वेगळा लागल्यामुळे काही शे रुपये कमीच आले. त्याबद्दल बँकेला मेल केलाय, अजून उत्तर नाही.