हॉलरटाउ मॅग्नम: आठ महिने, नऊ घाणे

घरी बिअर करताना कडूपणासाठी हॉपची फुलं उकळतात; त्यातल्याच मॅग्नम जातीला पाचपैकी पाच तारे देणार होतो, तेवढ्यात बिअरचा सहावा घाणा गोड निघाला. पाण्यात काकवी कालवावी तसा. हायड्रोमीटर (घनता मोजणारी नळी) १.०११ वर स्थिर, म्हणजे यीस्टने साखर खाऊन आपलं काम चोख केलेलं. कडूपणाच गायब. हॉपचं उरलेलं पाकीट हुंगलं तर मोज्यांचा वास, म्हणजे माल शिळा! उकळायच्या दिवशी मला सर्दी होती, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

पाकीट पारदर्शक, आत भरपूर हवा, पेलेट्स (हॉप दाबून केलेल्या गोळ्या) हिरवे सोडून तपकिरीकडे झुकलेले. वर अल्फा (कडूपणा देणारं आम्ल) १२ टक्के छापलंय, पण पीक कोणत्या वर्षाचं ते कुठेच नाही. दुकानदाराचं उत्तर आलं, 'आकडा पॅकिंगच्या वेळचा आहे.' अहो, पण पॅकिंग कधीचं? तीन ईमेल झाल्यावर पैसे नाहीतच, दोन पौंडांचं कूपन मिळालं.

आता हॉपबद्दल. याआधी मी ईस्ट केंट गोल्डिंग्ज या इंग्लिश हॉपनेच कडूपणा आणायचो, कारण इंग्लंडात राहून बिटर (तिथली कडसर बिअर) करायची तर दुसरं काय वापरणार? पण २३ लिटरला ३० आयबीयू (कडूपणाचं माप) हवे असतील तर ५ टक्क्यांचे गोल्डिंग्ज ५७ ग्रॅम लागतात, १२ टक्क्यांचं मॅग्नम २४. पाकिटाच्या किमतीतला फरक तुम्ही काढालच. मला खुपतो तो गाळ. ते जादाचे ३३ ग्रॅम फुगून केटलच्या तळाशी बसतात आणि वॉर्ट (बिअर होण्याआधीचं गोड पाणी) पिऊन टाकतात. मी चाळणीवर निथळत ठेवून मोजलं, दर घाण्याला साधारण पाव लिटरचा फरक. नऊ घाण्यांचे चार पाइंट झाले! बायको म्हणाली, 'चार पाइंटसाठी रात्री अकराला चाळणी धरून उभा आहेस.' हो, आहे.

पहिल्या तीन घाण्यांनंतर लिहिलं असतं तर तक्रारच केली असती, की हे नुसतं कडू आहे, याला स्वतःचं काही नाही. चौथ्याला हट्टाने कोलंबस हा दुसरा हॉप घातला. अल्फा जास्त, ग्रॅम आणखी कमी, पण कडूपणा घशात कारल्याच्या सालीसारखा अडकला. (कोणी म्हणेल कोह्युम्युलोन, म्हणजे अल्फातला एक घटक, कोणी म्हणेल वहम. घसा माझा आहे.) पाचव्याला परत मॅग्नम. तेव्हा लक्षात आलं की साठ मिनिटं उकळल्यावर सुगंध तसाही वाफेबरोबर उडून जातो, मग गोल्डिंग्जचे पैसे तिथे जाळायचे कशाला? आता मॅग्नम सुरुवातीला आणि गोल्डिंग्ज शेवटच्या दहा मिनिटांत, २० ग्रॅम. पबात पिणाऱ्या शेजाऱ्याला फरक कळला नाही. मलाही नाही, पण ते त्याला सांगितलं नाही.

जर्मनीतल्या हुल इथे पैदास झालेला हा हॉप, आई मात्र अमेरिकन, गलीना नावाची हॉपची जात. चांगला ठेवला तर टिकतो. सातव्या घाण्यापासून फॉइलचं, हवा काढलेलं, वर्ष छापलेलंच पाकीट घेतो, दुसऱ्या दुकानातून. उघडलं की घडी घालून, रबर लावून फ्रीझरमध्ये. शेजारी खवलेला नारळ ठेवू नका. आमच्या कोशिंबिरीला परवा गवताचा वास होता.

एक तारा कापला तो त्या पाकिटासाठी. हॉपचा दोष नाही, माहीत आहे, पण राग कुठेतरी निघायला हवा. कूपन महिनाअखेरीस संपतंय आणि टपालखर्चच चार पौंड आहे.