प्लेस्टेशन ५ प्रो: आठ महिने वापरल्यानंतर

प्लेस्टेशन ५ हा सोनीचा गेम खेळायचा कन्सोल, प्रो ही त्याचीच जास्त ताकदवान आवृत्ती. आधी चार वर्षं साधा प्लेस्टेशन ५ वापरला. नवा गेम लावला की पहिला प्रश्न ठरलेला: क्वालिटी मोड की परफॉर्मन्स मोड? चित्र रेखीव हवं तर सेकंदाला ३० फ्रेम्स (चित्रं), हालचाल सफाईदार हवी तर ६० फ्रेम्स आणि चित्र धूसर. प्रो घेतल्यापासून बहुतेक गेम्समध्ये त्या सेटिंगकडे फिरकायची वेळच आली नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

सगळ्यात जास्त फरक दिसला ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’मध्ये. साध्या मशीनवर ६० फ्रेम्सला लांबचं गवत म्हणजे ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखं दिसायचं. प्रोवर त्याच माळावर उभा राहिलो आणि पाती सुटी सुटी दिसली. पुढचं मिशन सोडून बराच वेळ नुसता कॅमेरा फिरवत बसलो होतो.

ही करामत नुसत्या ताकदीची नाही. जीपीयूमधली, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपमधली, कॉम्प्युट युनिट्स (गणित करणारे भाग) ६७ टक्क्यांनी वाढली, मेमरी २८ टक्क्यांनी वेगवान झाली, तरी सोनीच्याच दाव्यानुसार रेंडरिंगचा वेग वाढतो तो ४५ टक्क्यांपर्यंत. बाकीचा भार पीएसएसआर हे सोनीचं अपस्केलिंगचं तंत्र उचलतं: फ्रेम कमी रिझोल्यूशनवर काढायची आणि मशीन लर्निंगच्या जोरावर ती ४केच्या जवळ न्यायची. हे दर वेळी साधतंच असं नाही. एका हॉरर गेममध्ये झाडांच्या पानांवर सतत मुंग्या वळवळल्यासारखं दिसायचं. पॅच (दुरुस्तीचा अपडेट) येईपर्यंत तो गेम मी बाजूला ठेवला.

सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, मात्र तोच, झेन २ घडणीचा. फार तर १० टक्के जास्त वेगानं चालवता येतो. ६० फ्रेम्स हव्या तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. बाजारपेठेतल्या गर्दीतल्या प्रत्येक पात्राचा हिशेब करण्यात सीपीयूचीच २५ गेली, तर जीपीयू कितीही दांडगा असला तरी वाट बघत बसतो. अशा ठिकाणी प्रोवरही गेम अडखळतो.

२०१६ साली पीएस४ प्रो आला तेव्हा त्याला सरळ कारण होतं, ४के टीव्ही घरात येऊ लागले होते. २०२० मध्ये हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली आणि गेमची घडणच बदलली. मला पिढी म्हणतात ती हीच वाटते. मधल्या अपग्रेडकडून ती अपेक्षा ठेवू नये, कारण प्रत्येक गेम साध्या मशीनवरही चालावाच लागतो. अपस्केलिंग सुधारत जाईल तशी चित्रातली तफावत आणखी कमी होईल. म्हणून पुढच्या मशीनमध्ये मी आधी सीपीयू आणि मेमरी बघेन, टेराफ्लॉप्स (जीपीयूच्या ताकदीचं माप) नंतर.

डिस्कवर गेम घेत असाल तर ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा. आणि टीव्ही १०८०पीचा असेल तर आधी टीव्ही बदला.