सेन्सरी प्रोफाइल-2: आठ महिन्यांनंतर, कुकरच्या शिट्टीसह

आवाज, स्पर्श, प्रकाश अशा संवेदनांना मूल कसा प्रतिसाद देते हे पाहणारी ‘सेन्सरी प्रोफाइल-2’ ही चाचणी आमच्या सात वर्षांच्या मुलासाठी कोल्हापुरातीलच एका थेरपी केंद्रात करून घेतली, त्याला आता आठ महिने झाले. अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट विनी डन यांच्या 1999 च्या प्रश्नावलीची ही 2014 ची सुधारित आवृत्ती असून, तिच्यातील 86 विधानांवर मुलाने नव्हे तर पालकांनी खुणा करायच्या असतात.

माझा राग होता तो टक्क्यांवर. प्रत्येक विधानापुढे जवळजवळ नेहमी म्हणजे 90 टक्के वा अधिक, मग 75, 50, 25, आणि शेवटी 10 टक्के वा त्याहून कमी, असे पर्याय असतात. मूल किती टक्के वेळा कान झाकते, याचा हिशेब कोणती आई ठेवते? शिवाय मोठ्या आवाजाचे उदाहरण म्हणून हेअर ड्रायर दिलेला. आमच्या घरी तो नाही, कुकर आहे. शिट्टी डोळ्यांपुढे आणून मी ‘जवळजवळ नेहमी’वर खूण केली आणि अर्ध्या तासात सगळा फॉर्म उरकला. अहवालात ‘संवेदनशीलता’ (आवाज-स्पर्श चटकन जाणवणे) आणि ‘टाळणे’ (त्यांच्यापासून दूर राहू पाहणे) या दोन्हींपुढे ‘इतरांपेक्षा बरेच अधिक’ असे आले. साडेतीन हजार रुपये घेऊन सांगितलेली ही गोष्ट सासूबाईंनी फुकट सांगितली असती, असे मी तेव्हा दोन-तीन जणींना ऐकवलेही होते.

ते मत मला मागे घ्यावे लागले, आणि तेही टक्क्यांमुळेच. थेरपिस्ट बाईंनी दोन आठवडे नीट मोजायला सांगितले, म्हणून ओट्याशेजारच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीने नोंद ठेवू लागले: कान झाकले तर रेघ, नाही तर टिंब. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असा चौदा दिवसांत 28 वेळा कुकर लागला. 18 रेघा आणि 10 टिंबे झाली, आणि दहाही टिंबे सकाळची होती. सकाळचा कुकर सासूबाई लावतात आणि शिट्टीच्या आधी सवयीने म्हणतात, “बाळा, आता शिट्टी हुतीया बघ.” संध्याकाळी मी मुकाट्याने लावते. म्हणजे त्रास आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या अवचितपणाचा होता. गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर, लांबून वाजत येणाऱ्या ढोल-ताशापुढे हाच मुलगा बाबांच्या खांद्यावर बसून टाळ्या कशा पिटतो, हे कोडे तेव्हा सुटले. आता संध्याकाळी मीही आधी सांगते, आणि रेघा बऱ्याच कमी झाल्या आहेत.

तक्रार मात्र कायम आहे. 28 पैकी 18 म्हणजे 64 टक्के; जवळचा पर्याय म्हणून 75 वर खूण करा, असे केंद्रातून सांगण्यात आले. पण सकाळचा आकडा 29 टक्के आणि संध्याकाळचा 100 असताना, मला खरोखर उपयोगी पडलेला फरक त्या एका खुणेत पुसला जातो. गुणांची तुलना अमेरिकी मुलांशी होते, ही गोष्ट आणखी वेगळीच. पुढच्या महिन्यात फॉर्म पुन्हा भरायचा असून त्याचे निराळे बाराशे रुपये सांगितले आहेत. ते कुरकुरत का होईना देईन, पण या खेपेस कॅलेंडरची पाने फॉर्मला टाचूनच देणार आहे.